या चुका टाळा : इनहिबिटरी न्यूरॉनकडे माहिती ‘कमी’ का दिसते?

मे महिन्यातली दुपार, नागपूरच्या धरमपेठेतली माझी खोली, कूलर सुरू. एमएस्सीची एक विद्यार्थिनी उंदराच्या दृष्टी-कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाह्य थरातला पाहण्याचा भाग) डेटा उघडून म्हणाली, “सर, इनहिबिटरी न्यूरॉन्सना रेषेचा कोन ओळखताच येत नाही जी.” इनहिबिटरी म्हणजे इतर पेशींना रोखणाऱ्या मेंदूपेशी, एक्सायटेटरी म्हणजे त्यांना चेतवणाऱ्या. आलेखात एक्सायटेटरी गट बराच पुढे होता. मी विचारलं, पेशी किती किती घेतल्यास? २०० एक्सायटेटरी आणि ४० इनहिबिटरी.

बहुतेकांचा घोळ इथेच होतो. कॉर्टेक्समध्ये साधारण ८० टक्के न्यूरॉन एक्सायटेटरी असतात, म्हणून डेटातही त्यांचीच गर्दी. पेशी जास्त तर डिकोडरच्या (पेशींच्या प्रतिसादावरून रेषेचा कोन ओळखणारा प्रोग्राम) हाती धागेही जास्त. २०० मधून कोणत्याही ४० उचला, असं १०० वेळा करा, मग तुलना करा. तिने संध्याकाळपर्यंत बसून ते केलं. फरक पार मिटला नाही, पण बराच ओसरला.

दुसरी चूक समजुतीची: इनहिबिटरी म्हणजे नुसता ब्रेक. उंदरात पार्व्हअल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या इनहिबिटरी पेशी पुष्कळ कोनांना प्रतिसाद देतात, हे खरं. पण एकेकटी पेशी ढोबळ असली म्हणून गट आंधळा ठरत नाही. थोड्याथोड्या फरकांची बेरीज होते. शिवाय वेळेचा भाग आहे. वेर आणि झॅडोर या संशोधकांनी २००३ मध्ये उंदरांच्या श्रवण-कॉर्टेक्समध्ये दाखवलं की उत्तेजनामागोमाग १ ते ४ मिलिसेकंदांत निरोध (इनहिबिशन) येतो आणि स्पाइकची, म्हणजे पेशीच्या विद्युत-ठोक्याची, वेळ नेमकी करतो. तुम्ही अर्ध्या सेकंदातले स्पाइक एकत्र मोजलेत, तर ही माहिती तुम्हीच पुसून टाकली.

तिसरी चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बर्डीच्या बाजारात १०० जणांना रस्ता विचारला, पण सगळ्यांनी तो एकाच पानवाल्याकडून ऐकला असेल, तर ती १०० मतं नव्हेत. न्यूरॉनही सोबतच वरखाली होतात. तपासायला एकाच उद्दीपनाच्या ट्रायल (तीच रेषा पुन्हा पुन्हा दाखवलेल्या फेऱ्या) प्रत्येक पेशीसाठी वेगवेगळ्या पिसा, म्हणजे हे नातं तुटतं. डिकोडर सुधारला, तर ते नातं माहिती खात होतं; बिघडला, तर माहिती त्या नात्यातच होती. हे दोन्ही गटांत वेगळं करून बघा.

आणि मुळात गट बरोबर पाडलेत का? अरुंद स्पाइक दिसला की इनहिबिटरी, हा नियम कच्चा आहे. सोमॅटोस्टॅटिन आणि व्हीआयपी या इतर इनहिबिटरी गटांतल्या अनेक पेशींचे स्पाइक रुंद असतात, त्या गुपचूप एक्सायटेटरीत जाऊन बसतात. तिच्या २०० मध्ये अशा किती आहेत, ते आम्ही आता बघतोय.