रात्री लाइट गेली आणि किड्यांनी लक्षात ठेवलं

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी सी. एलिगन्स नावाचा सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा बारीक किडा घेतला तेव्हा दादा म्हणाला, "काय करायलीस बे, एवढं शिकून जंत मोजायलीस?" त्याचं चुकलं नव्हतं. सोलापुरात सूत्रकृमी म्हटलं की डाळिंबवाल्यांना मुळांवरच्या गाठीच आठवतात. माझा किडा त्या गाठीवाल्याचा लांबचा भाऊबंद, पण निरुपद्रवी. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, खाणं जिवाणू, आणि उभयलिंगी किड्यात चेतापेशी बरोब्बर ३०२. त्या एकमेकींना कशा जोडल्यात याचा नकाशा १९८६ सालीच प्रसिद्ध झालाय.

नवख्यांना वाटतं, एवढासा जीव, महिन्याभरात हाताळता येईल. माझा पहिला महिना नुसता किडे उचलण्यात गेला. प्लॅटिनमच्या तारेचं टोक चपटं करायचं, त्यावर ओपी५० या ई. कोलाय जिवाणूचा, म्हणजे किड्यांच्या खाण्याचाच, चिकट थर घ्यायचा आणि तो किड्याच्या पाठीवर हलकेच टेकवायचा. जरा जास्त दाबलं की ॲगर, म्हणजे प्लेटमधली जेली, फाटतं आणि किडे त्या भेगेत शिरतात, मग ती प्लेट गेली म्हणून समजा. तार ज्योतीत धरल्यावर गार होऊ द्यायला मी विसरायची. किती भाजले, त्याची नोंद नाही.

माझं काम तापमानाचं होतं. किड्याच्या डोक्यात एएफडी नावाच्या चेतापेशींची एक जोडी असते. खाणं मिळत असताना ज्या तापमानात वाढला, ते तापमान किडा लक्षात ठेवतो. एक कड गार, दुसरी कोमट अशा प्लेटवर सोडलं की तो त्याच पट्ट्याकडे सरकतो. उपाशी ठेवलेल्याचं वागणं वेगळं, तेव्हा खाणं संपलेली प्लेट वापरू नका. २० अंशांवर वाढवलेले माझे किडे निमूटपणे २० च्या आसपास जमायचे.

जूनमध्ये एके दिवशी सगळे कोमट कडेला! मला वाटलं, किड्यांचे वेगवेगळे वाण एकमेकांत मिसळले. फ्रीझरमधला साठा वितळवून पुन्हा वाढवला, दोन आठवडे गेले. शेवटी मॅडमनी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "आदल्या रात्री लाइट होती का?" नव्हती. वळवाचा पाऊस, वारं, रात्रभर अंधार. सकाळी इन्क्युबेटरवर, म्हणजे किडे ठरावीक तापमानाला ठेवायच्या पेटीवर, २० ऐवजी २५ दिसत होतं, ते मी पाहिलं होतं, पण लिहिलं नव्हतं. किड्यांनी मात्र बरोबर नोंद ठेवली होती.

एन्झाइमचं महत्त्व मला तिथे कळलं. परीक्षेत एन्झाइम म्हणजे पचन, एवढंच डोक्यात. एएफडीत ग्वानिलिल सायक्लेज जातीची तीन एन्झाइमं असतात: जीसीवाय-८, जीसीवाय-१८ आणि जीसीवाय-२३. ती पेशीतल्या जीटीपी या रेणूपासून सीजीएमपी नावाचा निरोप्या रेणू बनवतात. सीजीएमपीमुळे पेशीच्या पडद्यातले आयनमार्ग उघडतात आणि ऊब हा संदेश होऊन पुढच्या चेतापेशीकडे जातो. मिनेसोटातल्या वाण-केंद्रातून ही तिन्ही एन्झाइमं नसलेला वाण मागवता येतो. तो प्लेटवर सोडला, तर गड्ड्याच्या यात्रेत हात सुटलेल्या पोरांसारखा कुठेही भटकत राहिला. रांगतो, खातो, अंडी घालतो, फक्त तापमानाचा पत्ता नाही. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि रात्री अकराला स्वतः मोजणं वेगळं.

आता कामाचं. मोजताना कोणती प्लेट कोणत्या वाणाची हे स्वतःला कळू देऊ नका, नावं मैत्रिणीकडून झाकून घ्या. मनासारखं दिसावं म्हणून आपण कळत नकळत किडे मोजतो, मी मोजलेत. कमाल-किमान तापमापी इन्क्युबेटरमध्ये ठेवा, इथल्या मे महिन्यात तर हवीच, कारण २५ च्या बऱ्याच वर गेलं की पिल्लंच कमी होतात. थोडी संख्याशास्त्राची सवय लावा. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप असते, तिला अर्ज जरूर करा. सोलापूरचं कॉलेज म्हणून कोणी अडवत नाही, इंग्रजीला घाबरून आपणच अडतो.

पीएचडीच्या मुलाखतीला मी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेले. अर्जात मी जूनची ती रात्र लिहिली होती. पॅनेलमधल्या एका सरांनी बाकी काही न विचारता पहिला प्रश्न टाकला, "तुमच्या इन्क्युबेटरला यूपीएस नव्हता?"

"नव्हता सर," मी म्हटलं. "अजूनही नाही."