आयरिश राजांची वंशावळ काढताय? आधी या चुका टाळा

मध्ययुगाच्या सुरुवातीचे आयरिश राजे वाचायला घेतले की आपण कागदावर बाप, खाली मुलगा, त्याच्याखाली नातू अशी सरळ रेघ ओढतो आणि तिथेच गाडी अडकते. थोरल्याला गादी हा नियमच तिथे नव्हता, राजाचा भाऊ, पुतण्या, चुलतभाऊ सगळेच दावेदार. त्यात ताराची मोठी गादी (तारा हे ठिकाण, तिथला राजा आयर्लंडच्या राजांत सगळ्यात मोठा मानला जायचा) 8व्या शतकापासून ई नेल घराण्याची उत्तरेची एक शाखा आणि दक्षिणेची एक शाखा यांच्यात बरीचशी आलटून पालटून फिरली, त्यामुळे राजांची यादी म्हणजे वंशावळ नव्हेच. दोन्हीचे कागद वेगळे ठेवा.

दुसरं, नावं. 'मॅक' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'उआ' म्हणजे नातू, हे आडनाव नाही, आडनावं नंतर रुळली. ई नेल हे अख्खं घराणं नियाल नोईगियालखचं, आणि आजचे ओनील 919 मध्ये लढाईत पडलेल्या नियाल ग्लूनडुवचे, हे दोन नियाल कितीतरी जण एकच धरतात. मेल शेखनाल पण दोन आहेत, एक 862 ला गेला, दुसरा 1022 ला. म्हणून प्रत्येक नावापुढे मृत्यूचं साल लिहाच लिहा.

पण सगळ्यात मोठी चूक म्हणजे बायकांची नावं गाळणं, खरा गुंता तर तिथेच सुटतो! हे बघा, पहिल्या मेल शेखनालची बायको लान, तिचा मुलगा फ्लान शिना. नवरा गेल्यावर लानने पुढचा राजा एद फिंडलियथशी लग्न केलं, म्हणजे एद हा फ्लानचा सावत्र बाप. एदची आणखी एक बायको मेल मुरे, स्कॉटलंडच्या केनेथ मॅकअल्पिनची मुलगी, नियाल ग्लूनडुव तिचा मुलगा. 879 मध्ये एद गेला, फ्लान राजा झाला आणि त्याने याच मेल मुरेशी लग्न केलं. पुढे नियालने फ्लानची मुलगी गॉर्मलेथ केली, म्हणजे नियालची सख्खी आई हीच त्याच्या सासऱ्याची बायको! नुसत्या बापांच्या रेघेवर यातलं काहीच दिसत नाही आणि मग फ्लाननंतर 916 ला गादी नियालकडे गेली ती कुठल्या नात्याने हे पण कळत नाही.

ही गॉर्मलेथ वेगळी आणि नंतरचा मोठा आयरिश राजा ब्रायन बोरू याची बायको गॉर्मलेथ वेगळी बरं का. ती दुसरी 1030 ला गेली, तिचा आधीच्या नवऱ्यापासूनचा मुलगा सिट्रिक डब्लिनचा राजा होता आणि त्याची बायको ब्रायनची मुलगी स्लाने, म्हणजे 1014 ला क्लॉनटार्फच्या लढाईत ब्रायनविरुद्धची डब्लिनची बाजू ज्याची, तो ब्रायनचा सावत्र मुलगाही होता आणि जावईही.

आणि साल जुळत नसेल तर घाबरू नका, अल्स्टरच्या बखरीत (आयर्लंडच्या जुन्या सालवार नोंदी) 1013 पर्यंतची सालं एक वर्षाने मागे आहेत, तिथे फ्लान 915 ला गेलेला दिसेल, त्यात एक मिळवा.