लॉगबुकातली सही आणि हातात आलेलं काम: फर्स्ट एमबीबीएसवाल्यांसाठी

एमबीबीएसचा अभ्यासक्रम २०१९च्या बॅचपासून कॉम्पिटन्सीवर, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय यायला हवं त्यावर, बेतलेला आहे. प्रत्येक विषयाच्या यादीत कॉम्पिटन्सीला क्रमांक असतो आणि त्यापुढे पातळी. ‘के’ म्हणजे माहीत आहे, ‘केएच’ म्हणजे कसं करायचं ते माहीत आहे, ‘एसएच’ म्हणजे करून दाखवता येतं, ‘पी’ म्हणजे कुणाच्या मदतीशिवाय करता येतं. पहिल्याच आठवड्यात यादी उघडा आणि एसएच व पी यांवर खुणा करा. बाकीचं पुस्तकातून निभावतं, या दोन्हींचं निभावत नाही. परीक्षेच्या तोंडावर त्यांना वेळही मिळत नाही, कारण तेव्हा सरांना बघायला फुरसत नसते.

लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीत, प्रत्येक नोंदीला तारीख, प्रयत्न पहिला की पुन्हा, दर्जा, शिक्षकांचा निर्णय आणि सही असे रकाने असतात. शेवटी फीडबॅक मिळाल्याची तुमची सही. हा शेवटचा रकानाच सगळ्यात मोलाचा, आणि तोच बहुतेक ठिकाणी नुसता भरून टाकला जातो. महिनाअखेरीस वीस सह्या एकदम घेतल्या, तर तुम्ही कुठे अडखळलात हे शिक्षकांना आठवणं शक्य नाही. ज्या दिवशी काम केलं त्याच दिवशी नोंद करा. ‘बरोबर झालं ना?’ असं विचारलं की ‘हो’ मिळतं. ‘कोणती पायरी चुकली?’ असं विचारलं की शिकायला मिळतं. ‘रिपीट’ असा शेरा आला तर वाईट वाटून घेऊ नका, ती आणखी एक संधी आहे.

रक्तदाबाचंच उदाहरण घ्या. पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीला आधारावर. कफमधल्या (दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यातल्या) रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के, लांबी ८० टक्के. आधी नाडीवर बोटं ठेवून कफ फुगवा, नाडी लागेनाशी झाली की आणखी ३० मिमी वर न्या, मग स्टेथो ठेवून सेकंदाला २ ते ३ मिमी या वेगाने हवा सोडा. काही पेशंटमध्ये आवाज मधेच नाहीसे होऊन पुन्हा येतात, नाडीची पायरी गाळली तर तिथे फसगत होते आणि वरचा आकडा कमी नोंदला जातो. शेवटचा अंक शून्य करून आकडा गोल करायची सवय तर सर्रास दिसते.

वर्गमित्राच्या दंडावर हे सगळं छान जमतं. वॉर्डात जाड दंडाला नेहमीचा कफ लावला की दाब खोटा वाढतो, हडकुळ्या दंडावर तोच कफ दाब खोटा कमी दाखवतो. डायलिसिससाठी फिस्टुला (शीर आणि धमनीची जोडणी) केलेल्या हाताला कफ लावायचाच नसतो. पाठीला बाक आलेल्या आजींची पाठ टेकत नाही, उशी द्यावी लागते. माझ्या मते अशा निरनिराळ्या पेशंटवर जमेपर्यंत ही कॉम्पिटन्सी ‘आली’ म्हणू नये, लॉगबुकात सही असली तरी.

सर्वसमावेशकतेचा तास वेगळा धरला जातो, पण ती याच कौशल्यांच्या आत असते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने डॉक्टरांच्या शिक्षणात अपंगत्व हा विषय आणायला सांगितलं आहे. ऐकू न येणाऱ्या पेशंटसमोर उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असे बसा, ओरडू नका, संवाद कसा सोयीचा पडेल ते त्यालाच विचारा आणि नजर नातेवाइकांकडे न वळवता त्याच्याकडे ठेवा. तृतीयपंथी पेशंटला नाव आणि कसं संबोधायचं ते आधी विचारा. विचारेपर्यंत ‘कधीपासून दुखतंय?’ अशी, स्त्री की पुरुष हे न दाखवणारी वाक्यं वापरली की अडत नाही. सावळ्या त्वचेवर निळेपणा शोधायचा तर जीभ आणि ओठांची आतली बाजू बघा. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेवर ऑक्सिजन थोडा जास्त दाखवू शकतो, तेव्हा आकडा बरा आहे म्हणून धाप लागलेल्या माणसाकडे दुर्लक्ष करू नका.

फॉरेन्सिकच्या (न्यायवैद्यकाच्या) जुन्या नोट्स हाती आल्या तर सावध राहा. कौमार्याची लक्षणं हा भाग महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये अभ्यासक्रमातून काढला. त्यामागे सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. इंद्रजित खांडेकर यांचा पाठपुरावा होता. बलात्काराच्या तपासणीत योनीत बोटं घालून केली जाणारी ‘टू फिंगर टेस्ट’ करणं हे गैरवर्तन ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. सीनिअरच्या नोट्समध्ये हे सापडलं तर तिथेच खोडा.

फॅमिली अडॉप्शनमध्ये, म्हणजे विद्यार्थ्याने काही कुटुंबांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायच्या उपक्रमात, मिळालेल्या घरांत फॉर्म भरून परतू नका. १९६९ मध्ये सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महाविद्यालयात प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, ही जुनी वहिवाट आहे. पुढच्या भेटीला जाताना मागच्या वेळचे आकडे सोबत न्या आणि घरच्यांना दाखवा. लोक मोकळे होतात ते त्यानंतर.

तुम्हाला स्वतःला अपंगत्व असेल, तर ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल माहीत असू द्या. केवळ टक्केवारी ठरावीक आकड्यावर गेली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का याचं मूल्यमापन अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने करायचं आहे. प्रवेश मिळाल्यावर सोयींची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. कमी ऐकू येत असेल तर आवाज वाढवणारा इलेक्ट्रॉनिक स्टेथो पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी मागा. वर्षाच्या मध्यावर मागितला तर तो येईपर्यंत निम्मी प्रॅक्टिकल्स होऊन गेलेली असतात.