एमएसडब्ल्यूसाठी अमेरिकेत जाताय? मग फील्डचे ९०० तास समजून घ्या

मे-जून आला की सिडकोतल्या आमच्या घरी एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, निघालेल्या कुणाचा तरी फोन हमखास येतो. "ताई, अमेरिकेत एमएसडब्ल्यूला ॲडमिशन मिळतंय. तिथल्या इंटर्नशिपला पैसे मिळतात का?" बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. मला दोन्ही वर्षांत एक डॉलरही मिळाला नाही. बसचं भाडं विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या नोकरीतून निघायचं. घरच्यांना हे कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी सांगा, नंतर नाही.

तिथे एमएसडब्ल्यूच्या पदवीसाठी किमान ९०० तास फील्ड, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम, करावंच लागतं. त्यात सूट नाही. माझ्या विद्यापीठात पहिल्या वर्षी आठवड्याला १६ तास होते आणि दुसऱ्या वर्षी २०. हा २० चा आकडा लक्षात ठेवा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर फील्डसाठी सीपीटी नावाची, अभ्यासाचा भाग म्हणून काम करायची परवानगी लागते. आठवड्याला २० तासांपर्यंतची सीपीटी अर्धवेळ धरतात आणि त्यापुढची पूर्णवेळ. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली, तर पदवीनंतर वर्षभर काम करायला मिळणारी परवानगी, म्हणजे ओपीटी, हातची जाते. इंजिनिअरिंगवाल्या मित्रांना ओपीटी पुढे २४ महिने वाढवून मिळते, तशी आपल्या एमएसडब्ल्यूला मिळत नाही. म्हणजे तुमच्या हाताशी तेवढं एकच वर्ष असतं.

सीपीटी संस्थेच्या नावाने आणि तारखांनिशी मिळते आणि आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, छापून येते. माझी तारीख सोमवारची होती. संस्थेने मात्र आदल्या बुधवारीच ओळखसत्राला बोलावलं. "नुसतं बसून ऐकायचं तर आहे," म्हणून मी डबा भरून निघालेच होते. त्याआधी सहज म्हणून आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारलं, तर त्यांनी जागेवरच थांबवलं. तारखेच्या आधी पायही टाकायचा नाही, बिनपगारी असलं तरी. ते आठ तास मी डिसेंबरात भरून काढले.

आता टीबीचं. बऱ्याच संस्था रुजू होण्याआधी टीबीची तपासणी मागतात. माझ्या हातावर सुई टोचली आणि दोन दिवसांत टपोरी गाठ आली. नर्सबाईंचा चेहरा पडला. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी देतात आणि त्यामुळे ही त्वचाचाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. पुढे छातीचा एक्स-रे, त्याचा अहवाल, सगळं मिळून दोन आठवडे गेले. तुम्ही आधीच सांगा की बीसीजी झालंय, रक्तावरची चाचणी करा. लसीकरणाचं जुनं कार्ड आईच्या कपाटात असेल, ते सोबत न्या.

माझी नेमणूक एका फूड पँट्रीत होती. लोक रांगेत उभं राहून आठवड्याचा किराणा फुकट नेतात. माझं काम त्यांना स्नॅपचे अर्ज भरून देण्याचं. स्नॅप म्हणजे सरकारी अन्नमदत. आपल्याकडे रेशनकार्डावर धान्य मिळतं, तिथे कार्डावर पैसे जमा होतात आणि माणूस साध्या दुकानातून स्वतः निवडून खाण्याच्या वस्तू घेतो, गरम तयार जेवण सोडून. नाशिकला बीएसडब्ल्यू करताना पंचवटीतल्या मजूर अड्ड्यावर मी पेठ-सुरगाण्याहून आलेल्या कुटुंबांची रेशनकार्डं तपासली होती. कागद कुठे अडतो, माणूस कुठे लाजतो, हे मला आधीच ठाऊक होतं, आणि ते तिथे उपयोगी पडलं. इथलं फील्डवर्क टंगळमंगळ करून उरकू नका, एवढंच म्हणेन.

पण खरी दमछाक लिहिताना झाली. आपल्याकडे फील्डचा रिपोर्ट म्हणजे 'भेट दिली, समस्या जाणून घेतली, मार्गदर्शन केलं'. आयसीला, म्हणजे मॅडमसोबतच्या वैयक्तिक भेटीत, त्या सही करतात आणि सुटलो. तिथे प्रोसेस रेकॉर्डिंग असतं. एका मुलाखतीतला संवाद आठवून शब्दशः लिहायचा, शेजारच्या रकान्यात त्या त्या क्षणी स्वतःला काय वाटलं ते, आणि त्यापुढे सुपरवायझरचा शेरा. दुसरा रकाना मी पहिले तीन आठवडे 'काही नाही' असाच भरला. चौथ्या आठवड्यात एक आजोबा अर्ज भरता भरता रडायला लागले आणि मी घाईघाईने त्यांना पुढची तारीख दिली. सुपरवायझरने त्या ओळीखाली रेघ मारून विचारलं, "इथे कोणाला घाई होती?" मला माझे आबा आठवले होते. ते लिहायला मला रात्रीचे दोन वाजले, आणि तेही आधी मराठीत लिहिलं.

साठीच्या सुपरवायझरला नुसत्या नावाने हाक मारायची, हेही जमायला महिना गेला. तोंडात सारखं 'मॅम' यायचं.

गोपनीयतेबद्दल मात्र एकदा बोलणी बसली. बसमधून आईला फोनवर एका बाईंची हकीकत सांगत होते. मराठीतच, नाव न घेता. दुसऱ्या दिवशी गप्पांच्या ओघात हे सुपरवायझरला सांगितलं, तर त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, बसमध्ये कुणाला कळलं नाही हे ठीक, पण तुझ्या आईला कळलं ना? मला वाईट वाटलं. आपल्याकडे 'आईला सांगितलं' म्हणजे काही बाहेर सांगितलं असं धरतच नाहीत.

मुलांवरच्या अत्याचाराची शंका आली, तर कळवणं तिथे समाजकार्यकर्त्याला कायद्याने बंधनकारक आहे. पहिल्याच आठवड्यात तसं प्रशिक्षण देतात. हे तिकडचंच असं मी वर्गात बोलून बसले होते. नंतर कळलं, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या आपल्या २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कळवण्याबद्दलचं कलम १९ तर कुणाही व्यक्तीला लागू आहे. जाण्याआधी आपले कायदे वाचून जा, वर्गात हमखास विचारतात.

आईला मी आता फोनवर फक्त हवामान आणि जेवण सांगते. ती म्हणते, "तुझी ती बाईंची गोष्ट अर्धीच राहिली."