न्यूयॉर्कच्या सबवेत गाणारे-वाजवणारे नेमके कुठे सापडतात

न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, साडेचारशेहून जास्त स्टेशनं आहेत. मनात येईल तिथे उतरून संगीत शोधत बसलात तर पाय दुखतात आणि हाती फारसं लागत नाही. वादक मात्र जागा विचारपूर्वक निवडतात. त्यांचा विचार कळला की एकाच तिकिटात, तीन-चार तासांत, पाच स्टेशनं पालथी घालता येतात.

आधी नियम बघा, कारण कोण कुठे उभं राहणार हे त्यावरच ठरतं. स्टेशनात वाजवायला परवाना लागत नाही आणि समोर पेटी उघडी ठेवून पैसे स्वीकारायलाही मुभा आहे. पण फलाटावर ॲम्प्लिफायर चालत नाही. तिकीटघरापासून २५ फूट लांब राहावं लागतं, आणि पाच फुटांवर मोजलेला आवाज ८५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. म्हणून इलेक्ट्रिक गिटार, माइक, कीबोर्ड हे सगळं फलाटाच्या वरच्या मधल्या मजल्यावर सापडतं. मुंबई मेट्रोत ज्याला आपण कॉनकोर्स म्हणतो, तेच हे मेझनाइन. खाली फलाटावर असतो तो नुसता गळा, व्हायोलिन, सॅक्सोफोन, नाहीतर साधी गिटार. धावत्या डब्यात वाजवायला किंवा नाचायला बंदी आहे. तरीही ‘शोटाइम’ अशी आरोळी ठोकून मुलं दांड्यांना लटकत कसरती करतात. ती सुरू झाली की दांडा सोडून आसनाकडे सरका, डोक्याजवळून पाय जातात.

काही वादकांच्या मागे ‘एमटीए म्युझिक’चा फलक दिसेल. एमटीए म्हणजे सबवे चालवणारी परिवहन संस्था. तिचा हा उपक्रम १९८५ मध्ये सुरू झाला आणि बरीच वर्षं ‘म्युझिक अंडर न्यूयॉर्क’ या नावाने ओळखला जायचा. ऑडिशन देऊन निवडलेल्या या कलाकारांना जागा आणि वेळ ठरवून मिळते, त्यामुळे मोठ्या स्टेशनांच्या मेझनाइनवर कुणीतरी सापडण्याची शक्यता चांगली असते. बाकीचे आपापल्या मर्जीने येतात-जातात. ऐकण्यासारखे दोन्हींत आहेत, फलकावरून दर्जा ठरवू नका.

वेळ. शुक्रवारी किंवा शनिवारी दुपारी तीननंतर निघा. सकाळी आठ-नऊला लोक धावत असतात, कुणी थांबत नाही, त्यामुळे वादकही कमी. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाड्या भलत्याच मार्गाने वळवतात, तेव्हा निघण्यापूर्वी एमटीएच्या ॲपमध्ये त्या दिवसाचे बदल पाहा. हिवाळा या भटकंतीला उत्तम. उन्हाळ्यात फलाटावर घाम निथळतो आणि बरेच वादक वर, वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कसारख्या मोकळ्या जागी जातात.

सामान. एक-एक डॉलरच्या दहा-बारा नोटा वरच्या खिशात ठेवा. वीसची नोट घेऊन वादकापुढे सुटे मागत उभं राहणं फार वाईट दिसतं. प्रवासासाठी कॉन्टॅक्टलेस कार्ड पुरतं. भारतातलं कार्ड असेल तर निघण्यापूर्वीच बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस असे दोन्ही व्यवहार सुरू करून घ्या, नाहीतर फाटक उघडणार नाही आणि मागे रांग लागेल.

मार्ग. जानेवारी २०२६ पासून एका फेरीला ३ डॉलर पडतात. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा ३ डॉलर, म्हणून खालचा सगळा मार्ग आतल्या आत बदलता येईल असा आखला आहे.

कोलंबस सर्कलला आत शिरा. मेझनाइनवर एक फेरी मारून डाउनटाउनकडे, म्हणजे दक्षिणेकडे, जाणारी १ नंबरची गाडी धरा. दुसरा थांबा टाइम्स स्क्वेअर. इथे घाई करू नका. १-२-३ आणि एन-क्यू-आर-डब्ल्यू या गाड्यांच्या मधल्या मजल्यावर रॉय लिक्टेनस्टाइन यांचं लांबलचक भित्तिचित्र आहे, ती खूण धरून आजूबाजूच्या मोकळ्या जागा पाहा. मग पोर्ट अथॉरिटीकडे जाणाऱ्या लांब भुयारी वाटेत डोकवा.

कानांवर विसंबताना एक लक्षात ठेवा. ढोलाचा जाड आवाज सगळ्या जिन्यांतून घुमतो, त्यावरून दिशा कळत नाही. सॅक्सोफोन किंवा गळ्याचा वरचा सूर पकडा आणि प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी दोन क्षण थांबून कुठे तो स्पष्ट होतो ते पाहा.

पुढे डाउनटाउनची क्यू गाडी: पहिला थांबा हेराल्ड स्क्वेअर, दुसरा युनियन स्क्वेअर. जर्सी सिटीहून पाथ या वेगळ्या रेल्वेच्या गाडीने ३३व्या स्ट्रीटला उतरणाऱ्या मराठी मंडळींनी हेराल्ड स्क्वेअरपासूनच सुरुवात करावी, स्टेशन शेजारीच आहे. फक्त पाथचं तिकीट इथे चालत नाही.

युनियन स्क्वेअरच्या मेझनाइनवर निवांत थांबा. पाच गॅलनच्या, म्हणजे साधारण १९ लिटरच्या, प्लास्टिकच्या बादल्या पालथ्या घालून वाजवणारा कुणी भेटला तर हातांइतकंच त्याच्या पायाकडे लक्ष द्या. बुटाच्या टोकाने तो बादलीची कड किंचित उचलतो, खालून हवा मोकळी होते आणि ठोका एकदम खोल येतो. एऱ्हू हे चिनी तंतुवाद्य दिसलं तर गजाचे केस कुठे आहेत ते पाहा: दोन तारांच्या मधोमध अडकवलेले असतात, त्यामुळे गज वाद्यापासून सुटा होत नाही. सबवेत सुताराच्या करवतीवर गज फिरवून वाजवणाऱ्या नतालिया परूझ ‘सॉ लेडी’ म्हणून प्रसिद्ध आहेत. करवतीचं पातं वाकवलं की सूर बदलतो, दातांच्या उलट्या कडेवर गज चालतो.

वागणूक. भिंतीकडेला, जिन्याची वाट सोडून उभे राहा. गर्दीने वाट अडली तर पोलीस वादकालाच हटवतात, तुम्हाला नाही. फोटो-व्हिडिओला बंदी नाही, ट्रायपॉड आणि दिवे मात्र चालत नाहीत. व्हिडिओ घेणार असाल तर आधी पेटीत पैसे टाका. वाकून ठेवा, लांबून फेकू नका. आणि निदान एक चीज पूर्ण ऐका. फलाटावर गाडी आली की सूर बुडतो, पण गाडी गेल्यावर ज्या जागेवरून गायक पुन्हा गाणं उचलतो, तिथेच त्याची तयारी कळते. आमच्या मते माइकवाल्या मेझनाइनपेक्षा खरं ऐकणं फलाटावरच होतं.

शेवटी युनियन स्क्वेअरहून ब्रुकलिनकडे जाणारी एल गाडी घ्या आणि तिसऱ्या थांब्यावर, बेडफर्ड ॲव्हेन्यूला उतरा. इथे दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच फलाटाच्या दोन बाजूंना लागतात, म्हणजे वादकाला श्रोते दुप्पट. गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणणारे इथे हमखास येतात. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. कुणीच नसेल तर वर जाऊ नका, दोन-तीन गाड्या सोडून वाट पाहा. तरीही कुणी आलं नाही, तर समोरच्या कडेला परतीची गाडी लागते आणि जादा पैसे न देता युनियन स्क्वेअरला परत जाता येतं.