छोटं पिस्तूल घेताय? आधी ते स्वतःच्या हाताने उघडून बघा

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, म्हणजे बाकीचं वाचायचं राहून गेलं तरी हे राहणार नाही. पिस्तूल पसंत करायच्या आधी ते स्वतःच्या हाताने उघडा, साफ करताना उघडतात तसं, आणि स्वतःच्याच हाताने परत जोडा. विकणाऱ्याच्या नाही, भावाच्या नाही, सराव घेणाऱ्या सरांच्या नाही. तुमच्या हाताने. मी हे केलं नव्हतं.

माझं पहिलं पिस्तूल छोटं, सगळं पोलादी, 7.65 मिमीचं होतं, म्हणजे ज्याला .32 म्हणतात ते. हातात घेतलं, वजन पेलतंय असं वाटलं, नेम धरून बघितला, रिकामं असताना चाप ओढून बघितला. दुकानातल्या माणसाने पाच-सहा सेकंदांत ते उघडून दाखवलं आणि मी मान डोलावली. पहिल्या सरावानंतर घरी तेच करायला बसले. त्या रचनेत चापाभोवतीची कडी खाली ओढून एका बोटाने बाजूला रेटून धरायची, दुसऱ्या हाताने स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, पार मागे खेचायची, तिथे तिचं मागचं टोक वर उचलायचं आणि मग ती नळीवरून हळूहळू पुढे सोडायची. एवढं सगळं एकाच वेळी, आणि स्प्रिंग सारखी उलटी ओढत असते. तिसऱ्या प्रयत्नाला स्लाइड सुटली आणि अंगठा नि तर्जनी यांच्या बेचक्यातली कातडी सोलली गेली. त्यानंतर मी साफसफाई टाळू लागले. वरून फडकं मारायचं आणि ठेवून द्यायचं. चार महिन्यांनी झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आतच अडकायला लागल्या. दुसऱ्या कुणीतरी उघडून दिलं तेव्हा दिसलं, पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याखाली काजळीचा कडक थर बसला होता आणि नळीच्या तोंडाशी तांबूस ठिपके उठले होते. पिस्तूल कायम चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवत होते, तीही चूकच. चामडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली रसायनं पोलादाला खातात. पण मूळ चूक ती नव्हती. जी वस्तू मला उघडता येत नाही ती मी घेतली, ही मूळ चूक.

आता यादी. परवाना, तुमच्या देशातल्या कायद्यात कोणतं कॅलिबर बसतं, आणि घरात कुलूपबंद पेटी, ही तीन कामं झाली नसतील तर पिस्तूल बघायलाही जाऊ नका. कॅलिबरचं आधीच विचारून घ्या, कारण काही देशांत 9 × 19, म्हणजे नेहमीचं 9 मिमी, लष्कराचं म्हणून खासगी परवान्यावर मिळत नाही आणि मग अर्धी यादीच बाद होते.

मग स्लाइड. लहान गोळीचं पिस्तूल ओढायला हलकं असेल, असं मीही धरून चालले होते. बरेचदा उलटं असतं, आणि त्याचं कारण समजून घ्या, कारण ते कळलं की निम्मी निवड सोपी होते. .32 आणि .380 (9 मिमीचीच, पण आखूड आणि कमी जोराची गोळी) च्या बऱ्याच पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवलेली नसतात. गोळी सुटताना नळीचं मागचं तोंड बंद ठेवायचं काम फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांच्यावर असतं. म्हणून स्प्रिंग ताठ ठेवावी लागते, आणि तुम्ही स्लाइड ओढता तेव्हा त्या स्प्रिंगशीच झगडता. 9 × 19 च्या बहुतेक पिस्तुलांत नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकांत अडकलेली राहून थोडी मागे येतात, मग नळी खाली झुकते आणि स्लाइड सुटते. तिथे तेवढी ताठ स्प्रिंग लागत नाही. त्यामुळे मोठ्या गोळीचं पिस्तूल ओढायला सोपं आणि लहान गोळीचं अवघड, असं खरंच होतं. 2018 मध्ये स्मिथ अँड वेसनने .380 मध्येच शील्ड ईझेड आणलं, ते मुद्दाम हलक्या हाताने ओढता यावं म्हणून. त्यात नळी अडकवलेली असते. तेव्हा नुसतं कॅलिबर विचारून थांबू नका, आतली रचना विचारा.

ओढताना दोन बोटांच्या चिमटीत धरू नका. पूर्ण पंजा वरून टाका, पिस्तूल छातीजवळ घ्या, एका हाताने मागे ओढताना दुसऱ्याने मूठ पुढे ढकला, आणि या सगळ्यात नळीचं तोंड बाजूच्या माणसाकडे वळू देऊ नका. नेमकं याच वेळी ते वळतं. मागे उघडा घोडा असेल तर तो आधी अंगठ्याने मागे घ्या, स्लाइड लगेच हलकी होते. असं दहा वेळा करा. पहिल्या वेळी सगळ्यांनाच जमतं, आठव्या वेळी हात काय म्हणतोय ते बघा. मग मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढून, स्लाइड मागे धरून अंगठ्याने ती अडकवणारा खटका वर चढवा आणि ती उघडी अडकवून दाखवा. हे कुणी करून बघत नाही, आणि लहान हातांचं घोडं इथेच अडतं.

मग उघडणं. हो, परत. उघडण्याआधीचा क्रम पाठ करा: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते त्या घरात) डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीचं टोक घालून चाचपायचं. उलटं केलंत, आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढलं, तर मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते आणि तुम्हाला वाटतं की पिस्तूल रिकामं झालं. ग्लॉकसारख्या पिस्तुलात उघडण्यासाठी चाप ओढावाच लागतो, म्हणून तिथे चेंबर दोनदा बघा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, मगच ओढा. सिग पी365 सारख्या काहींत स्लाइड मागे अडकवून एक खटका फिरवला की झालं, चापाला हात लावायची गरज नाही. ग्लॉक मोडकं किंवा वाईट आहे असं मी म्हणत नाही. थकलेल्या संध्याकाळी, लक्ष अर्धवट असताना, तुमच्याकडून कोणती चूक होऊ शकते याचा विचार करा, एवढंच.

उघडल्यावर हातात किती तुकडे येतात ते मोजा. स्लाइड, नळी, स्प्रिंग, सांगाडा, असे चारच आले तर उत्तम. स्प्रिंग तिच्या दांडीवर बसवलेली आहे का सुटी, ते बघा. सुटी असेल तर ती उडते आणि कपाटाखाली जाते. बारीक पिन ठोकून काढावी लागत असेल, वेगळं अवजार लागत असेल, तर तिथेच नको म्हणा. मग जोडा. जोडताना कुणाला बोलू देऊ नका, मदत करू देऊ नका. परत उघडा. हे पाच वेळा. विकणारा कंटाळेल, कंटाळू दे. ज्या दुकानात ग्राहकाला हे करू देत नाहीत तिथून घेऊ नका.

मूठ आणि धक्का. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सरळ पडलं पाहिजे, मूठ न फिरवता. तिथपर्यंत पोचायला मनगट वळवावं लागत असेल तर पिस्तूल तुमच्यासाठी मोठं आहे. करंगळी हवेत लोंबत असेल तर फार लहान आहे. मुठीची मागची पट्टी बदलता येते का विचारा. ग्लॉकमध्ये हे 2010 च्या चौथ्या पिढीपासून आलं, आता बऱ्याच ठिकाणी असतं. आणि जितकं हलकं तितकं सोपं, हा गैरसमज टाका. रुगर एलसीपी रिकामं सुमारे 270 ग्रॅम भरतं, पी365 सुमारे 500, ग्लॉक 19 सुमारे 600. खिशात ठेवायला पहिलं छान, पण तोच धक्का कमी वजनाने झेलायचा म्हणजे तो हाताला लागतो, आणि हाताला लागलं की सराव बंद पडतो. शिवाय छोट्या पिस्तुलात नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणा (माशी) एकमेकींच्या जवळ असतात, त्यामुळे केसभर चूकही लक्ष्यावर वितभर होते. मनगट ढिलं पडलं तर छोटी पिस्तुलं चटकन अडकतात, तेव्हा अडकलं की लगेच यंत्राला दोष देऊ नका. शक्य असेल तर तेच मॉडेल रेंजवर चालवून बघा, निदान 50 गोळ्या. पहिल्या दहांवरून काहीच कळत नाही.

रिव्हॉल्व्हर सोपी, असं कुणीतरी सांगेलच. स्लाइड नाही, उघडून जोडायचं जवळजवळ काही नाही, हे खरं आहे, आणि माझ्यासारखा हात असेल तर तिचा विचार नक्की करा. पण घोडा आधी मागे न घेता चाप ओढायचा झाला तर बरेचदा 5 किलोच्या आसपास जोर लागतो, आणि छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये साधारण 5 गोळ्या बसतात. चक्राचं प्रत्येक घर वेगळं घासावं लागतं. ओढून बघा, मग ठरवा.

मॅगझिन स्वतः भरून बघा, शेवटच्या दोन गोळ्यांसकट. जादा मॅगझिन आणि स्प्रिंग सहज मिळतात का विचारा. छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग मोठ्यापेक्षा लवकर थकते, ती बदलावी लागतेच. सेफ्टी असेल तर अंगठा पोचतो का बघा. डावखुरे असाल तर सगळे खटके डाव्या हाताने तपासा.

साफसफाईचं सामान: कॅलिबरच्या मापाचा ब्रश, गज, चिंध्या, काजळी काढायचं द्रावण, तेल, जुना टूथब्रश. ब्रश शक्यतो नळीच्या मागून घालायचा. तेल थेंबाने, धारेने नाही. फायरिंग पिनच्या (काडतुसावर ठोका देणाऱ्या सुईच्या) भोकात तेल गेलं तर ते काजळीशी मिळून चिकट होतं आणि पिनचा ठोका कमी बसतो. काम करताना खिडकी उघडी हवी, गोळ्या दुसऱ्या खोलीत, जेवायच्या टेबलावर हे नाही, आणि नंतर साबणाने हात धुवायचे, कारण त्या काजळीत शिसं असतं. सरावाला कानाला आणि डोळ्यांना संरक्षण; 9 मिमीचा आवाज 160 डेसिबलच्या आसपास असतो, एकाच गोळीने कान कायमचा बिघडू शकतो.

ठेवायचं कुलपात, चामड्यात नाही. ओल शोषणारी पुडी सोबत ठेवा. घरात मुलं असतील तर किल्ली तुमच्या अंगावर, फडताळावर नाही.

आणि नवं पिस्तूल घरी आलं की पहिली गोळी झाडायच्या आधी ते परत एकदा उघडा. कारखान्यातून येताना बरेचदा गंज लागू नये म्हणून घट्ट तेल लावलेलं असतं, ते पुसा, नळीतून आरपार बघा, नवं तेल लावा, जोडा. तेव्हा जमलं नाही तर रेंजवर जाऊ नका, तसंच परत करायला न्या.