दोन पाण्यांचा हरभरा आणि जिवाणू खत

सिन्नरच्या पूर्व भागातलं आमचं रान मध्यम काळं, चुनखडीचं. विहीर संक्रांतीच्या आसपास तळाला जाते. म्हणून सोयाबीन निघालं की हरभरा, तोही एका-दोन पाण्यांवर. अशा रानात जिवाणू खताचा फार आधार होतो, पण पाकिटातला माल जिवंत आहे हे ध्यानात ठेवूनच तो वापरा.

घेताना आधी अंतिम तारीख बघा, मग पीक. सोयाबीनचं रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र (नायट्रोजन) पिकाला देणारे जिवाणू, हरभऱ्याला चालत नाही. दुकानाबाहेर उन्हात पडलेलं पाकीट मी फुकटसुद्धा घेणार नाही.

एकरी 30 किलो बियाणं धरते. आदल्या दिवशी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी), किलोला 5 ग्रॅम. पेरणीच्या सकाळी गुळाचं पाणी उकळून पार गार करायचं, गरम पाण्यात जिवाणू मरतात. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम आणि तेवढंच पीएसबी, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू, त्यात कालवायचं. बियाणं गोणपाटावर पसरून वरून शिंपडा आणि हलक्या हाताने खालीवर करा. चोळू नका, हरभऱ्याचं साल लगेच सुटतं. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी.

पीएसबी टाळू नका. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमला बांधला जातो. हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून तो मोकळा करतात. युरियाचा हात मात्र आखडता घ्या. आयतं नत्र मिळालं की मुळांवर गाठी कमी धरतात.

आता पाण्याचं. कोरड्या, उघड्या मातीत जिवाणू टिकत नाहीत, त्यांना ओल हवी आणि खायला सेंद्रिय पदार्थ हवेत. म्हणून मी पेरणीआधी कुजलेल्या शेणखतात पीएसबी मिसळते, झाडाखाली ओल्या पोत्यांनी झाकून आठवडाभर ठेवते आणि रानात टाकते. बी ओलीत पडलंच पाहिजे. उगवण झाली की दोन ओळींत सोयाबीनचा भुसा अंथरते. एकच पाणी असेल तर ते फुलोरा सुरू होताना; दुसरं मिळालं तर घाटे भरताना.

महिन्या-सव्वा महिन्याने दोन-चार झाडं कुदळीने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. मुळं धुऊन गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर रायझोबियम कामाला लागलंय. पांढरी किंवा हिरवट असेल तर पुढच्या पेरणीला दुकान बदला, आणि पाकीट घरी कुठे ठेवलं होतं तेही तपासा.